ढब्ब्याचं बिऱ्हाड

डोंगरातल्या दवाखान्यात इंटरनेट पोचलं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. एक्स-रे दाखवणारे दोन प्रोग्रॅम, चपळ्या आणि ढब्ब्या, एकाच पेनड्राइव्हमधून तिकडे निघाले. चपळ्याने स्वतःला चालण्यासाठी लागणाऱ्या फायली मागेच टाकल्या. ढब्ब्याने आपल्या सगळ्या सोबत बांधून घेतल्या.

"बिऱ्हाड हलवलंस की काय रे?" चपळ्या हसला. "तिथला यजमान संगणक देईल की सगळं!"

दवाखान्यात कड्यावरून घसरलेली सखूबाई कण्हत होती. तिचा एक्स-रे बघायला डॉक्टरांनी आधी चपळ्याला उघडलं.

"काका, माझ्या फायली द्या," तो संगणकाला म्हणाला.

"माझ्याकडे नाहीत, बाबा. आणि नवीन काही बसवायची मला मनाई आहे."

चपळ्याचा चेहरा उतरला. मग ढब्ब्या उघडला आणि मोडलेलं हाड लगेच पडद्यावर दिसलं.

"दादा, एवढं ओझं वाहून दमला नाहीस?" चपळ्याने विचारलं.

"दमलो. पण त्या बाईला ताटकळत ठेवलं नाही."