राखेतलं बियाणं

गावात पत्रा नवाच होता, तेव्हाची गोष्ट. तुळसाकाकूंच्या घरी पत्र्याची ऐटदार कोठी आली. कोपऱ्यातल्या मडक्याला ती म्हणाली, "माझ्यात दहा पोती जोंधळा मावतो. तुझ्यात काय, पायलीभर बियाणं, तेही राखेत कालवलेलं!"

मडकं काय बोलणार? काकूंनी त्याचं तोंड शेणामातीनं लिंपून टाकलं होतं.

त्या वर्षी दुष्काळ पडला. कोठी तळापर्यंत खरवडून झाली. घर अर्धपोटी निजलं, पण काकूंनी मडक्याला हात लावू दिला नाही.

पेरणीच्या दिवशी त्यांनी लिंपण फोडलं. मडकं म्हणालं, "कोठीबाई, घराला तुम्हीच जेवू घातलंत, खरंय. पण तुम्हाला दरसाल भरतं कोण?"

आणि काकूंच्या कडेवर बसून ते ऐटीत शेताकडे निघालं.