भागोजीचं तेल

अहो, खिशातला हात बाहेर काढा. ते दोघे पैसे मागायला उभे नाहीत. सकाळी तुम्ही ज्या आंब्याच्या झाडाचा पडताना फोटो काढलात ना, त्याचा दोर त्यांनी धरला होता. आता ते शेजारणीच्या दारात तळवे दाखवताहेत. आमच्या कातळखुरीत मोठं झाड पाडलं, की दोर धरणाऱ्यांनी ज्या घराला धोका होता त्या घरी जाऊन हात दाखवायचे आणि त्या घरानं त्यांना खोबरेल लावायचं. ही रीत कशी पडली ते बसून सांगतो. नाही, त्या ओंडक्यावर नको. इकडे या दगडी गडग्यावर बसा.

असं सांगतात, की हा ओंडका पडलाय तिथे पूर्वी आवडाबाईचं घर होतं. बाई एकटी, नवरा दर्यावर गेला तो आलाच नाही. घर लहान, पण नेमकं खोताच्या बागेच्या मधोमध. खोतानं ती जागा गोडीनं मागितली, मग दरडावून मागितली. बाई बधली नाही. तिच्या घराला लागून खोताच्या हद्दीत ऐनाचं एक झाड होतं. कवेत न मावणारं, बुंध्यात पोकळ झालेलं आणि घरावर कललेलं. येत्या पावसाळ्यात ते घर घेणार, हे आंधळ्यालाही दिसत होतं. म्हणून बाईनं गावापुढे गाऱ्हाणं घातलं, आणि खोत झाड तोडायला लगेच कबूल झाला. खोत लगेच कबूल झाला, तिथेच गावाला शंका यायला हवी होती.

झाडं पाडावीत धाकू सुतारानं. शेंडा जिथे पडणार तिथे तो आधी खुंटी ठोकायचा, आणि पडतं झाडच ती खुंटी जमिनीत पुरायचं म्हणे. पण कललेलं झाड उलट्या बाजूला पाडायचं तर नुसत्या कुऱ्हाडीचं काम नाही. वर शेंड्याकडे दोर बांधायचा, समोरच्या झाडाच्या बुंध्याला त्याचा वेढा द्यायचा आणि शेवटच्या घावापर्यंत तो ताणून धरायचा. तसूभरही ढिला पडता कामा नये. हा दोर धरायचा भागोजी. धाकूचा लहानपणापासूनचा सोबती. एकाच्या घरची भाकरी आणि दुसऱ्याच्या घरचं कालवण खाऊन दोघे वाढलेले. दोरावर भागोजी असला, की धाकू मागे वळूनही बघत नसे.

आदल्या दिवशी आवडाबाईनं विचारलं, "घर रिकामा करू काय रे धाकू?"

"तू तेवढी भायर उभी रव," धाकू म्हणाला. "दोरार भागो आसा. तुज्या मडक्यातला पाणीसुदा हलूचा नाय."

सकाळी धाकूनं मोकळ्या शेताच्या बाजूनं खाच घेतली आणि मागच्या बाजूनं घाव घालायला लागला. झाड करकरलं. आता ते शेताकडे जाणार, तेवढ्यात दोर सैल पडला. झाड जागच्या जागी फिरलं आणि आवडाबाईच्या घरावर आलं. धाकू बाजूला उडी मारून कसाबसा वाचला. घराचा भुगा झाला. धुरळा खाली बसल्यावर बाई त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. रडली नाही की शिव्या दिल्या नाहीत.

"तू सांगलंस म्हणान सगळा आतच ठेवलंय," एवढंच म्हणाली.

भागोजी हातांना फडकं गुंडाळून बसला होता. दोर सुटलो रे, हातातसून सुटलो, असं पुन्हा पुन्हा म्हणत होता. धाकूनं ते खरं मानलं. काथ्याचा दोर हातातून सरसरत गेला तर कातडं सोलून नेतो, हे त्याला ठाऊक होतं. गावात तोंड दाखवायला जागा राहिली नव्हती, तरी संध्याकाळी तो खोबरेलाची वाटी भरून भागोजीकडे गेला. मित्राच्या हातांची आग होत असेल म्हणून. भागोजी नको नको म्हणत राहिला. धाकूनं हट्टानं फडकं सोडलं.

तळव्यांवर एक ओरखडा नव्हता.

दोर सुटला नव्हता, वेढा उलगडून सोडला होता. खोतानं भाताच्या शेताचा एक तुकडा कबूल केला होता, हे मागाहून कळलं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, पण दांड्याला काय अक्कल असते? यानं तर सगळं समजून केसानं गळा कापला. आज सांगतानाही माझं डोकं फिरतं.

धाकूनं हात उगारला नाही. म्हणाला, "तुजो हात सोललेलो असतो ना भागो, तर माका ह्या सोसता इला असता."

भरलेली वाटी तशीच उंबऱ्यावर ठेवून तो निघून आला. आपलं घर त्यानं आवडाबाईला दिलं आणि स्वतः देवळाच्या पडवीत राहिला. कुऱ्हाड पुन्हा उचलली नाही. गावानं मग देवीसमोर ठरवलं, की यापुढे झाड पडलं की दोर धरणाऱ्यांचे हात आधी बघायचे, मगच तेल लावायचं.

खोताला जागा मिळाली, पण तिच्यावर पडलेला ऐनाचा हा ओंडका काही हलेना. देवीनं तो जमिनीला खिळवला असं म्हणतात. मला विचाराल तर, तो ओढायला खोतासाठी दोर धरणारा गावात माणूसच मिळाला नाही. भागोजी तेवढा आला होता म्हणे. त्याच्या जोडीनं दोर धरायला कोण उभं राहणार?

आजही हात बघतात. हल्ली यंत्राची करवत आली, हातमोजे आले, तर आमची पोरं हातमोज्यांचे घासलेले तळवे दाखवतात. शेजारीण ते निरखून बघते, मगच उघड्या हातांना तेल लावते. ती बघा, वाटी घेऊन इकडेच येतेय. थोडं तेल मागे ठेवायचं आणि या ओंडक्यावर ओतायचं. इतक्या पिढ्या तेल पितोय म्हणून तो कुजला नाही, असं सांगतात. भागोजीचं तेल म्हणतो आम्ही त्याला. धाकूनं वाटी भरून नेली होती, ते लावायचं राहूनच गेलं ना.