काहिलीच्या काठावर येसबा

हिंगणोलीच्या धर्मशाळेत रांजणबुवा महाराजांचा मुक्काम होता, त्या सालची ही गोष्ट. पहाटे उठून महाराज म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या दारचे रांजण नदीच्या पाण्याने भरून ठेवीत, म्हणून लोकांनीच हे नाव पाडलेले. महाराज मायाळू खरे, पण स्वभाव तिखट! कोणी हात जोडून "महाराज, उपदेशाचं एखादं वचन द्या," म्हणाले की ते खेकसत, "मी काय वचनांचं दुकान मांडलंय? मागचं दिलेलं वापरलंस का आधी?"

गावाबाहेर एक गुऱ्हाळ होते आणि तिथला गुळव्या होता येसबा. उकळत्या रसाचा नुसता रंग पाहून काहील, म्हणजे रसाची ती भली मोठी कढई, कधी उतरवायची हे सांगणारा असा माणूस चार गावांत नव्हता, आणि ही गोष्ट सगळ्यांत जास्त येसबालाच ठाऊक होती. त्याच्या हाताखाली केरबा चुलवाणात जाळ घाली. बायको गेल्यापासून केरबा पार खचला होता. जाळासमोर बसून नुसता रडायचा. शेवटी महाराजांनी त्याला बोलावून घेतले आणि म्हणाले, "केरबा, रोज एक चांगली गोष्ट मोठ्याने बोलायची. पण ती खरी पाहिजे, आणि कालची आज चालायची नाही. गोड बोलू नकोस बाबा, गोड हुडक!"

झाले! केरबाचे रडणे थांबले आणि येसबाच्या डोक्याला ताप सुरू झाला.

सकाळी काहिलीत रस पडतो न पडतो तोच केरबाचे सुरू. जळणाची चिपाडे पावसात भिजली, तर म्हणे, "तात्या, वरचाच थर भिजलाय." बैल लंगडला, तर "तीन पाय धड हायती." येसबाच्या तळव्यात बाभळीचा काटा रुतला, तो कळवळून शिव्या घालतोय, आणि हा पठ्ठ्या काटा काढून म्हणतो, "अख्खा निघाला, मोडला न्हाई." माणसाने सुखाने ओरडायचेसुद्धा नाही का? बरे, खोटे म्हणावे तर ते दर वेळी खरेच असायचे. त्यानेच येसबाचा जीव जास्त मेटाकुटीला येई.

एक दिवस तो तणतणत धर्मशाळेत गेला. "महाराज, तुमचं ते वचन माघारी घ्या. डोकं उठवलंय त्या केऱ्यानं!"

"दिलेलं माघारी घ्यायची रीत नाही," महाराज म्हणाले. "तूही घेऊन बघ."

"मला नगं. असल्या गोड बोलण्यावर काय पोट भरतंय? ज्याच्या अंगात कसब नाही, त्यानं वचनं घोकावीत."

महाराजांनी कपाळावर हात मारला. "अरे, याला गोड बोलणं म्हणतोस? जा बाबा, जा. तुला सांगून माझाच घसा बसायचा."

पुढे आठच दिवसांनी येसबाचा गूळ काळा पडला. आयुष्यात पहिल्यांदा! बाकीची माणसे दुपारच्या जेवणाला घरी गेली होती. दुसरी काहील उकळत होती, आणि येसबा त्या काळ्या ढेपांकडे पाहत दात खात उभा होता. केरबाला त्याची दया आली. तो हळूच म्हणाला, "तात्या, काळा पडलाय, पर ढेप कशी घट्ट बसलीय बघा."

येसबाचे टाळके सटकले. "चालता हो! पुन्हा माझ्या म्होरं तोंड उघडलंस तर याद राख!"

केरबा हात जोडून निघून गेला. आता जाळही येसबानेच बघायचा आणि रसही. रागाच्या भरात त्याने चुलवाणात चिपाडे भसाभस कोंबली आणि धावत वर आला, तो काहिलीला ऊत आलेला. तो झारा घेऊन वाकला. फेसाचा एक सपका उसळला आणि थेट दोन्ही डोळ्यांवर बसला.

केवढी ती आग! येसबा किंचाळला. डोळे उघडेनात. पायाखाली सांडलेल्या रसाचा निसरडा चिखल, आणि पुढे की मागे की बाजूला, कुठेतरी हातभरावर ती काहील रटरटत होती. झाऱ्याच्या झटक्यात तो पुरता फिरला होता. कोणत्या दिशेला पाऊल टाकावे? चुकले, तर उकळत्या रसातच जायचे. त्याने हाका मारल्या. गुऱ्हाळावर कोण होते ऐकायला? ज्याला ऐकू गेले असते त्याला त्यानेच हाकलले होते. तोल जाऊ लागला, तसा त्या गर्विष्ठ माणसाच्या तोंडून निघाले, "महाराज, वाचवा!"

"तात्या, डाव्या अंगाला मांडवाची मेढ हाय," केरबाचा आवाज आला. "हात पोचतोय."

"केऱ्या, मेल्या, मला धर की! काय काय हाय ते कसलं सांगत बसलाईस?"

"मेढ पक्की हाय, तात्या."

अशा वेळीही येसबाला त्याचा संताप आला. पण करतो काय? डावा हात लांबवला, मेढ हाताला लागली. त्याने तिला मिठीच मारली.

"मेढीच्या पलीकडं भुई कोरडी हाय. दोन पावलं."

येसबाने चाचपत पाय टाकला. भुई कोरडी होती.

"म्होरं दगडी डोण हाय. भरलीय. पाणी गार हाय."

गुडघे दगडाला लागले. तो डोणीवर कोसळला, तोच कोणीतरी ओंजळीने त्याच्या डोळ्यांवर पाणी सोडले. एकदा, दोनदा, तीनदा. आग विझत गेली. येसबाने डोळे उघडले. सगळे लख्ख दिसत होते! चुलवाणातला जाळ कोणीतरी बाहेर ओढला होता, काहील निवांत झाली होती, आणि केरबाचा पत्ता नव्हता.

येसबा तसाच धर्मशाळेकडे पळत सुटला. तिथे केरबा चऱ्हाट वळत बसला होता. पुढ्यात चांगली पाच-सहा हात दोरी वळून पडली होती.

"तू कवा आलास इथं?" येसबाने धापा टाकत विचारले.

केरबाने तोंड उघडले नाही. त्याला मनाई होती ना! शेजारी बसलेला पुजारीच म्हणाला, "हा मघापासनं इथंच आहे. जागचा हललेला नाही. महाराजच तेवढे डोळे मिटून कुणावर तरी करवादत होते. 'डावीकडं रे, डावीकडं,' म्हणून."

येसबाने महाराजांकडे पाहिले. महाराज वैतागून पाय झटकत होते. दोन्ही तळव्यांना रसाचा चिकट फेस वाळला होता आणि त्यावर मुंग्यांची रांग लागली होती.

येसबा त्या पायांवर पडला आणि ढसाढसा रडला. "चुकलो, महाराज! मलाबी वचन द्या."

"आता कशाला वचन?" महाराज कडाडले. "त्याच्यावरच पाय टेकत बाहेर आलास ना? आणि माझ्या पायांवर काय लोळतोस, मुंग्या चावतील! हाकललंस कुणाला?"

येसबा उठला आणि केरबाच्या पायांशी वाकला. केरबा गोंधळून मागे सरकला. येसबा पुढे झाला, तसा तो आणखी मागे सरकत थेट भिंतीला टेकला.

"आरं, हलू नगंस की!" येसबा रडता रडता खेकसला. "पाया तरी पडू दे नीट!"