गुडघा टेकून बसणारा माणूस

माळावर अजून बोरीबाभळी होत्या, तेव्हाची ही गोष्ट. तिथल्या बिळात एक कोल्हीण आणि तिची तीन पिल्लं राहत. जवळच्या घरातला फोटोवाला रोज सकाळी येई, गुडघा टेकून डोळ्याला कॅमेरा लावी आणि फोटो काढून निघून जाई.

"माणूस दिसला की बिळात शिरायचं!" कोल्हीण सुरुवातीला दटावी. पण महिना गेला, तशी तीही त्याच्यासमोर बिनघोर उन्हात पडून राहू लागली.

एके सकाळी दुसराच माणूस तसाच गुडघा टेकून बसला. त्याच्या हातात बंदूक होती. पिल्लं नेहमीसारखी पुढं येऊन उभी राहिली.

वाचलेल्या एकुलत्या एका पिल्लानं विचारलं, "आई, तो फोटोवाला वाईट होता का गं?"

"नाही रे," कोल्हीण म्हणाली. "तो वाईट असता, तर तुझी भावंडं आज जिवंत असती."