दसऱ्याचा नवा कीबोर्ड

“…पण आवाज आधी शून्यावर का आणायचा, उस्ताद? बटण दाबायच्या आधी? आणि रोज?”

शिवलीला धापा टाकत विचारत होती. दोन जिने चढून आली होती आणि खांद्यावर नवाकोरा कीबोर्ड होता.

दस्तगीर उस्ताद खिडकीशी बसून चष्मा पुसत होते.

“समोर कुणाचे तरी कान असतात म्हणून.”

“आणि समोर कुणीच नसलं तर?”

“तू असतेस ना.”

शिवलीला हसली. आज तिला कशाचंही हसू येत होतं. दसरा होता, अंगावर मोरपंखी साडी होती, हैदराबादला नोकरी करणाऱ्या भावानं पाठवलेला कीबोर्ड कालच हातात पडला होता, आणि संध्याकाळी सहा वाजता उदगीरच्या वाचनालयात दसऱ्याची मैफल होती.

त्या मैफलीत एकोणीस वर्षं उस्ताद साथीला बसत आले होते. तरुणपणी ऑर्केस्ट्राबरोबर त्यांनी सगळा मराठवाडा पालथा घातला होता. आता उजव्या हाताची दोन बोटं ऐकेनाशी झाली होती. यंदा त्यांनी वाचनालयाचे कार्यवाह मठपती सर यांना एवढंच सांगितलं होतं, “माझ्या जागी शिवलीला बिरादार बसेल.”

शिवलीलाइतकी भरभर बोटं गावात कुणाची चालत नव्हती. हे गावाला ठाऊक होतं. तिला त्याहून जास्त ठाऊक होतं. फक्त उस्ताद म्हणायचे, “ग वर थांबत नाहीस, बेटी.”

तिची तक्रार एकच होती. आठ महिने उस्तादांकडे येऊन ती जितके सूर शिकली, तितकीच ही बाकीची कामं. हात धू. कोरडे कर. स्टँड डगमगत नाही ना बघ. अडॅप्टर काढताना वायर ओढू नको, पिन धर. आवाज खाली घे. मग बटण. वाजवून झालं की हेच सगळं उलट्या क्रमानं. शेवटी कोरडं फडकं, आणि वर कापड.

“हे वॉचमनचं काम आहे,” ती घरी म्हणायची. “कलाकाराचं नाही.”

उस्तादांच्या जुन्या कीबोर्डला ती मनात डबा म्हणायची. त्याचे दोन दिवे गेलेले होते, पांढऱ्या पट्ट्या पिवळ्या पडल्या होत्या. पण एकोणीस वर्षांत भर मैफलीत तो एकदाही बंद पडला नव्हता. गावात बोललं जायचं की उस्तादांकडे काहीतरी मंत्र आहे. कीबोर्ड बंद केल्यावर त्यांचे ओठ हलतात, ते खूप जणांनी पाहिलं होतं.

“आज तरी सांगा,” ती म्हणाली. “आज मी तुमच्या जागी बसणार. बंद केल्यावर ओठांत काय म्हणता?”

“आकडे.”

“आकडे?”

“एक ते दहा. बंद केल्या केल्या लगेच चालू करू नये. त्याला जरा श्वास घेऊ द्यावा.”

“बस्स?”

“बस्स.”

शिवलीलाचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. आज तोंड पाडून बसायला वेळ कुठे होता?

उस्ताद उठले. “मी खाली चहा सांगून येतो. तू नुसता मांडून ठेव. चालू करू नको. आलो की दोघं मिळून करू.”

ते जिना उतरले.

शिवलीलानं सतरंजी अंथरली. कीबोर्ड काढला. काळाभोर, गुळगुळीत, एकसष्ट पट्ट्यांचा! तिनं एक्स्टेंशन बोर्ड ओढून शेजारी ठेवला आणि अडॅप्टर लावला. मग पिशवीतून पूजेचं ताट काढलं. हळद-कुंकू, अक्षता, आपट्याची पानं, झेंडूची फुलं. तांब्याभर पाणीही भरून घेतलं.

दसऱ्याला वाद्याची पूजा करायची. हे तर उस्तादही करायचे. दर दसऱ्याला आपल्या डब्यावर आपट्याचं एक पान ठेवायचे.

पण बंद यंत्राची कसली पूजा? त्याचे दिवे पेटलेले हवेत… तिला राहवलं नाही.

तिनं बटण दाबलं. निळे-लाल दिवे लागले! दोन्ही हातांनी तिनं सूर धरला आणि खोली दणाणून गेली. आवाज पूर्ण वर होता. खिडकीतली कबुतरं उडाली. ती मोठ्यानं हसली.

तिनं हळद-कुंकू वाहिलं. अक्षता टाकल्या. काही दाणे पट्ट्यांमधल्या फटीत गेले, ते तिच्या लक्षातही आलं नाही. मग नमस्कार करायला ती वाकली, आणि पदर तांब्यात अडकला.

तांब्या कलंडला.

पाणी पट्ट्यांवरून धावलं. कीबोर्डच्या कडेवरून खाली उतरलं. सतरंजीवरून सरळ एक्स्टेंशन बोर्डाकडे निघालं.

“अगं बाई!”

तिनं बोर्ड उचलायला हात पुढे केला.

“हात मागे!”

उस्ताद दारात होते. हा आवाज तिनं आठ महिन्यांत कधी ऐकला नव्हता. ती जागच्या जागी गोठली. बोटं बोर्डापासून वीतभर अंतरावर होती.

उस्ताद तिच्याकडे आले नाहीत. कीबोर्डकडेही आले नाहीत. ते दाराशेजारच्या मेन स्विचकडे वळले, हात सदऱ्याला पुसला, आणि स्विच खाली ओढला.

दिवे गेले. पंखा हळूहळू थांबला.

…

पाणी कीबोर्डच्या कडेवरून सतरंजीवर टिपकत होतं. तेवढाच आवाज येत होता.

“आता ये,” उस्ताद म्हणाले.

ती उठली. उस्तादांनी तिचे दोन्ही तळवे उलटसुलट करून पाहिले. एकेक बोट पाहिलं. मग सुस्कारा सोडला.

“कीबोर्ड, उस्ताद… माझा कीबोर्ड!”

“तो पुन्हा मिळेल. तुझे हात मिळाले नसते.”

मग ते कामाला लागले. अडॅप्टरची पिन धरून काढली. कोरड्या चादरीवर कीबोर्ड पालथा घातला, एका कडेला उशी लावून जरा तिरका केला. थेंब थेंब पाणी बाहेर येऊ लागलं. त्याबरोबर पिवळं, लाल पाणी आलं. दोन अक्षता आल्या.

“हेअर ड्रायर आणते,” शिवलीला म्हणाली. “खालच्या पार्लरमध्ये आहे. पाच मिनिटांत वाळेल.”

“नको. गरम हवेनं पट्ट्या वाकतील.”

“मग उन्हात ठेवू?”

“सावलीत. हवेशीर.”

“किती वेळ?”

“दोन दिवस.”

“दोन दिवस!” ती जवळजवळ ओरडली. “मैफल आज आहे. सहाला! उस्ताद, एकदाच चालू करून बघू. लागला तर लागला. एकदाच…”

उस्तादांनी नकारार्थी मान हलवली.

“अहो, पण कदाचित काही झालंही नसेल!”

“आतलं पाणी आपल्याला दिसत नाही, बेटी. बटण दाबलं की विजेला मात्र ते दिसतं.”

ती भिंतीला टेकून बसली. मोरपंखी साडी गुडघ्यापर्यंत भिजली होती. तिनं आईला काय सांगायचं, मठपती सरांना काय सांगायचं, भावाला काय सांगायचं? सगळी गल्ली येणार होती. तिला रडू आलं.

बराच वेळ गेला. चहा आला, निवला.

मग ती खाली मान घालून म्हणाली, “तुमचा… तुमचा द्याल?”

उस्तादांनी कोपऱ्यातल्या कीबोर्डवरचं कापड काढलं. पण दिला नाही.

“हात दाखव.”

तिनं हात पुढे केले. त्यांनी टॉवेल दिला. तिनं पुसले.

“पुन्हा दाखव.”

त्यांनी तळव्याला बोट लावलं. “अजून ओले आहेत.”

तिनं पुन्हा पुसले. जोरात, चिडून.

“अजून.”

तिसऱ्यांदा तिनं टॉवेल घेतला. या वेळी तिनं घाई केली नाही. बोटांच्या बेचक्या पुसल्या. नखांभोवती पुसलं. मग हवेत हात धरून वाट पाहत बसली. उस्तादही वाट पाहत बसले.

मग ते उठले, त्यांनी स्वतः कीबोर्ड दोन्ही हातांनी उचलला आणि तिच्या मांडीवर ठेवला. एकोणीस वर्षांत त्यांनी तो मैफलीसाठी दुसऱ्या कुणाच्या हाती दिला नव्हता.

पावणेसहाला वाचनालयाचा हॉल गच्च भरला होता. झेंडूच्या माळा, अत्तर, लहान मुलांचा गलका! गाणाऱ्या निर्मलाताई तंबोऱ्याजवळ बसल्या होत्या. मठपती सर घामाघूम होऊन इकडून तिकडे धावत होते.

“बसा, बसा! लगेच सुरू करू!”

शिवलीला मंचावर गेली. आपल्या जागी तिनं पाहिलं. एकाच एक्स्टेंशन बोर्डात चार पिना खुपसलेल्या होत्या. एक सैल लोंबत होती. शेजारी पाण्याचा जग आणि तीन पेले.

ती बसली नाही.

“सर, हा जग इथून हलवा.”

“अहो, निर्मलाताईंना पाणी लागतं…”

“त्यांच्या बाजूला ठेवा. आणि मला भिंतीतला प्लग द्या.”

“शिवलीला, लोक बसलेत!”

“दोनच मिनिटं.”

लोकांत कुजबुज झाली. मागून कुणीतरी शिट्टी मारली. तिचे कान गरम झाले, तरी ती हलली नाही. जग हलला. भिंतीतला प्लग मोकळा झाला. वायर कुणाच्या पायात येणार नाही अशी तिनं कडेनं घेतली. स्टँड दोन्ही हातांनी हलवून पाहिला. आवाज शून्यावर आणला. बटण दाबलं. मग आवाज हळूहळू वर घेतला.

उस्ताद शेवटच्या रांगेत बसले होते. त्यांनी डोळे मिटलेले होते.

“आता आपल्या नव्या साथीदार!” मठपती सरांनी माईकवर सांगितलं, आणि पाण्यातून काढलेला ओला, थबथबता हार घेऊन ते पुढे आले. हार कीबोर्डवर वाहायला त्यांनी हात उचलले.

शिवलीला झटकन उभी राहिली. मंचाच्या कडेपर्यंत चार पावलं पुढे गेली आणि तिथे मान वाकवून उभी राहिली.

सर गोंधळले. मग त्यांनी हार तिच्या गळ्यात घातला. हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. तिनं हार काढला, तिथेच खाली ठेवला, रुमालानं हात पुसले, आणि मागे येऊन बसली.

मग ती वाजवायला लागली.

काय वाजवलं तिनं त्या संध्याकाळी! निर्मलाताई दोन वेळा गाता गाता तिच्याकडे वळून हसल्या. पुढच्या रांगेतल्या बाया मांडीवर ताल धरून डोलत होत्या. शेवटच्या द्रुत गाण्याला मुलं खुर्च्यांवर चढली. मैफल संपली तेव्हा तिची आई पुढे आली. ती नुसती लेकीचा खांदा दाबत होती.

लोक निघाले, सत्कार उरकले. शिवलीलानं आवाज खाली घेतला, बटण बंद केलं, पिन धरून अडॅप्टर काढला. तिचे ओठ हलत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती उस्तादांच्या खोलीवर धावतच आली. नवा कीबोर्ड खिडकीपासून दूर, पंख्याखाली होता. उस्तादांनी फटींतला एकेक दाणा मऊ ब्रशनं काढून बशीत ठेवला होता. एक्स्टेंशन बोर्ड नवा होता आणि जमिनीवर नव्हता, टेबलावर होता.

“करू?” तिनं विचारलं.

“कर.”

हात कोरडे. स्टँड घट्ट. पिन. आवाज शून्य. तिनं श्वास धरला आणि बटण दाबलं.

दिवे लागले! निळे, लाल, सगळे!

“उस्ताद, लागला! लागला!” ती इतक्या मोठ्यानं ओरडली की खालच्या शिंप्यानं मशीन थांबवलं.

तिनं आवाज जरा वर घेतला आणि डावीकडून एकेक पट्टी दाबत निघाली. सा बोलला. रे बोलला. खालच्या सप्तकातले सगळे बोलत होते. मग मधल्या सप्तकातल्या ग वर बोट गेलं.

काहीच नाही.

तिनं पुन्हा दाबली. पट्टी खाली गेली, वर आली. मुकीच. पुढच्या सगळ्या बोलल्या.

“फक्त ही एक,” ती म्हणाली. “दुरुस्तीला नेऊ?”

“नेऊ. लातूरला माझ्या ओळखीचा माणूस आहे. तू आत उघडू नको.”

“आजच जाऊ?”

“आधी वाजव.”

“ही अशी? ग शिवाय?”

उस्ताद खिडकीशी जाऊन डोळे मिटून बसले.

शिवलीला थांबली. मग तिनं मैफलीतलंच एक संथ गाणं सुरू केलं. पहिल्या ओळीत मधला ग आला. तिनं तो वगळला नाही, शेजारच्या सुरावर उडी मारून झाकलाही नाही. बोट त्या मुक्या पट्टीवर ठेवलं, जेवढा वेळ तो सूर थांबायला हवा तेवढा वेळ थांबली, आणि हळूच उचललं. पुढच्या ओळीत पुन्हा आला. पुन्हा तशीच थांबली.

खोलीत बाकीचे सूर येत-जात राहिले.

गाणं संपलं. तिनं आवाज खाली घेतला, बटण बंद केलं, पिन काढली, कोरडं फडकं फिरवलं, वर कापड घातलं.

“उस्ताद,” ती म्हणाली, “ग तर वाजलाच नाही.”

…

दस्तगीर उस्तादांनी डोळे उघडले.

“बेटी, तुझा ग आज पहिल्यांदा बरोबर लागला.”