बायजाचे बोट

एका गावात हणमा नावाचा एक गवळी होता. त्याची लेक बायजा नुकतीच शाळेत जाऊ लागली होती. पहिले पुस्तक ती घडाघडा म्हणून दाखवी, पानही नेमके वेळेवर उलटवी. हणमाला स्वतःला अक्षर येत नव्हते. दारी आलेल्या प्रत्येकाला तो बसवून घेई आणि लेकीचे वाचन ऐकवी. ऐकताना त्याच्या अंगावर मूठभर मांस चढे.

खरे तर बायजा वाचतच नव्हती. पुस्तक तिला पाठ झाले होते. अक्षराखाली बोट ठेवून वाच, असे गुरुजी रोज सांगत. पण बोट ठेवायचे ते मठ्ठ पोरांनी, अशी आपल्या बायजाबाईंची समजूत.

एके सकाळी हणमाच्या वासराचे पोट फुगले. ते पाय झाडू लागले. ढोरांचा डॉक्टर परगावी गेला होता. त्याने दिलेल्या औषधाच्या दोन बाटल्या फळीवर होत्या. एक पोटफुगीवर पाजायची, दुसरी गोचिडांसाठी वरून चोळायची, आणि ती जहरी. दोन्ही दिसायला सारख्या, वासालाही सारख्याच उग्र. हणमाने त्या लेकीपुढे धरल्या आणि पाजायची कोणती ते विचारले.

बाटल्यांवर लिहिलेले शब्द पुस्तकात नव्हते. बायजाच्या तोंडचे पाणी पळाले. पहिल्या बाटलीवर तिला ‘पोट’ एवढे दिसले. हीच असेल, असे तिच्या अगदी ओठांवर आले. शेजारीपाजारी बघत होते. हणमाने बूच काढलेसुद्धा.

बायजाने त्याचा हात धरला. “आबा, थांबा. मला वाचता येत न्हाई. पुस्तक नुसतं पाठ हाय.”

हणमाचा चेहरा उतरला. पण क्षणभरच.

“अक्षरं वळखतीस का?”

“एकेक वळखते.”

“मग एकेकच सांग. वासरू थांबंल.”

बायजाने सगळ्यांदेखत अक्षराखाली बोट ठेवले. “पो… ट… पोटा… व… र… पोटावर. चो… ळा.” हणमाने ती बाटली चटकन बाजूला ठेवली. बोट दुसरीवर गेले. “पोटा… त… पोटात. द्या.”

औषध पोटात गेले आणि दुपारपर्यंत वासरू गाईला लुचू लागले. बायजा त्याच्या गळ्यात पडून रडली.

संध्याकाळी पाहुणे आले. हणमाने पुस्तक मागितले नाही. त्याने वासराला पाजलेली बाटलीच लेकीच्या हाती दिली आणि तो म्हणाला, “बघा पाव्हणं, माझी लेक बोट ठिवून वाचती.”

तात्पर्य: पाठ केलेले वाहवा मिळवून देते, पण वेळेला कामी येते ते एकेक अक्षर लावून वाचलेलेच, आणि ‘मला येत नाही’ हे कबूल करणाऱ्यालाच ते शिकता येते.