अरिंजय राजाचे रडे

एका राज्यात अरिंजय नावाचा राजा होता. त्याला रडू येत नसे. आई गेली तेव्हा आले नाही, रणात खांद्यात बाण रुतला तेव्हाही आले नाही. भाट त्याच्या धैर्याची गाणी गात. पण तो गादीवर बसल्यापासून राज्यातले झरे आटत चालले होते, आणि चितेपुढे रडणाऱ्यालाही सीमेपार हाकलावे, असा त्याचा हुकूम होता.

त्याची राणी रेणुमती, आणि लेक शाल्मली, चार वर्षांची. एके दिवशी ती पायरीवरून पडली. गुडघा फुटला, तिने भोकाड पसरले.

राजा म्हणाला, "हिला तळघरात ठेवा. रडे थांबले की बाहेर काढा."

"महाराज, ती लेकरू आहे."

"मीही होतो. मलाही तिथेच ठेवत. माझे काय बिघडले?"

राणी उठून बाहेर पडली. ती बागेत येऊन बसली. तिथे कडुलिंबावर एक म्हातारी साळुंकी होती. ती म्हणाली, "बाईसाहेब, माझा पिंजरा राजाच्या पाळण्याशेजारी असे. थोरल्या महाराजांना निर्भय मुलगा हवा होता. तळघरातही तो रडायचा थांबेना, तेव्हा त्यांनी कालांजन मांत्रिकाला बोलावले आणि लेकराचे रडे काढून त्याला देऊन टाकले. त्या रड्यापायीच, तो गादीवर येताच, राज्याला शाप लागला, पाणी गेले. कालांजन मिठाच्या सरोवरापलीकडे राहतो."

"मी जाते."

"एकटीने जा. तिथला वारा लेकरांना सोसत नाही."

शाल्मली तळघरातून बाहेर आल्यावर राणीने तिला भिवरा दाईच्या ओटीत घातले आणि ती निघाली.

कालांजनाच्या दारी दगडाचे वासरू हंबरत होते. मांत्रिक म्हणाला, "याला निजव, मग आत ये." राणीने त्याची मान मांडीवर घेतली. दगडाने तिचे अंग गारठले, पण ती हलली नाही. हळूहळू दगडाला ऊब आली आणि वासराने डोळे मिटले.

आत एक कळी होती. "हिला उमलव." राणी म्हणाली, "उमल." कळी अधिकच आवळली. राणीने विनवले, धाक घातला, शेवटी थकून नुसतीच जवळ बसून राहिली. केव्हातरी कळी आपणहून उमलली.

मग कालांजनाने एक शंख पुढे केला. "यात तुझ्या पतीचे रडे आहे. शेवटपर्यंत ऐक. कान झाकलास तर ते माझे."

राणीने शंख कानाला लावला. आत एक लहान मूल आईला हाका मारत होते. मग दाईला. मग साळुंकीला. मग ते कोणाचेच नाव घेईना, नुसते दार बडवीत राहिले. आणि मग बडवणेही थांबले. ती शांतता राणीला सर्वांत जड गेली, पण तिने तीही ऐकली.

"इतक्या लहानग्याचे रडे तू घेतलेस?" ती म्हणाली.

"मी मागितले नव्हते," कालांजन म्हणाला. "बापानेच बोलावून दिले. ने."

राणी परतली तोवर वर्ष सरले होते. तिने भर दरबारात शंख राजाच्या कानाला लावला. राजा सिंहासनावरून उतरून खाली बसला, गुडघ्यांत तोंड खुपसून पाच वर्षांच्या पोरासारखा हुंदके देऊ लागला. त्याच घटकेला झरे वाहू लागले. ज्यांना हाकलले होते त्यांना परत आणण्यासाठी स्वार दौडले. शाप सुटला.

मग राजाला लेक आठवली. तो धावत सुटला. वाटेत राणीने विचारले, "भिवरा कुठे आहे?"

"ती मुलीला कुरवाळत बसे," राजा म्हणाला. "मी तिला घालवून दिले."

शाल्मली तळघरात होती. दार उघडेच होते. तिच्या हातून दुधाचा पेला सांडला होता, म्हणून ती आपणच खाली जाऊन बसली होती. राजाला पाहताच ती उठून नीट उभी राहिली.

"मी रडले नाही, महाराज."

राजाने तिला उराशी धरले. "बाळ, आता रडलीस तरी चालेल. रड."

"आज्ञा आहे का?" तिने विचारले. मग तिने डोळे घट्ट मिटले, तोंड वाकडे केले, खूप प्रयत्न केला. "येत नाही, महाराज. क्षमा असावी."

राणी धावत बागेत गेली. "साळुंके, हिचे रडे कोणी नेले ते सांग. मी आताच निघते."

"कोणी नेले नाही, बाईसाहेब. तिने ते स्वतःच गिळले. आणायला जावे असे ठिकाण नाही."

राजाने तळघर बुजवले. भिवराला पालखी पाठवून परत आणले. राज्यात पाणी झाले, पिके आली, लोक सुखी झाले, आणि मेलेल्यांसाठी मोकळेपणाने रडू लागले. राजा रोज संध्याकाळी लेकीपुढे हात पसरून बसे. ती लगेच येई. बोलावले की यायचे, हे तिला चांगले ठाऊक होते.